पहिला क्लास अर्धाच करा

"नमस्कार. मी लातूरला राहते, वय ३४. मोठा मुलगा सात वर्षांचा, त्याची डिलिव्हरी नॉर्मल, टाके पडले होते. धाकटी चौदा महिन्यांची, ती सिझेरियनची. रात्री अजून अंगावर पिते. मुलांना शाळेत सोडायला येणाऱ्या आम्ही चौघीजणी औसा रोडला नवीन निघालेल्या फंक्शनल ट्रेनिंगच्या क्लासला जायचं म्हणतोय. परवा बघायला गेलो, तर लाकडी पेट्यांवर उड्या, भिंतीवर मोठं घड्याळ, कोच ओरडून आकडे मोजतोय. बघूनच छाती धडधडली, पण जावंसंही वाटलं. सासूबाई म्हणतात, 'असल्या उड्या मारशील तर अंग बाहेर येईल.' कुणाला सांगितलं नाही, पण शिंकलं, जोरात हसलं की मला लघवीचे थेंब जातात. उजवं मनगटही दुखतं. आमच्यातल्या एकीची बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली आहे, आणि एकीला रमजानचे रोजे असतात. आम्ही जावं का? गेलो तर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?"

ताई, जा. चौघीही जा. फक्त पहिला क्लास अर्धाच करायचा, हे घरूनच ठरवून निघा.

तुम्ही जे पाहिलंत ते या प्रकाराचं रोजचं रूप आहे. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त फेऱ्या, नाही तर ठरलेल्या फेऱ्या कमीत कमी वेळात. अमेरिकेत २००० साली 'क्रॉसफिट' नावाने ही पद्धत बाजारात आली, आणि त्याच धर्तीवरचे आपल्याकडचे क्लास बहुतेक 'फंक्शनल ट्रेनिंग' म्हणून चालतात. ताकद आणि दम दोन्ही एकाच तासात कमावता येतात, त्यामुळे दिवसाचा एक तासही मुश्किलीने मिळणाऱ्या आईला हे खरोखर सोयीचं आहे. धोका आहे तो घड्याळाचा आणि शेजारणीकडे बघून जोर लावण्याचा. बाळंतपणानंतर ओटीपोटाचा तळ, पोटाची मधली रेघ आणि मनगटं या जागा दुबळ्या राहतात, आणि या क्लासमधल्या उड्या, सिट-अप, पुश-अप नेमका तिथेच भार टाकतात. म्हणून पहिला महिना शिकण्याचा धरा, फेऱ्या मोजण्याचा नको.

आधी थेंबांचं बोलू, कारण बाकीचं पुष्कळसं त्यावर ठरतं. हा त्रास खूप बायकांना होतो आणि जवळपास कुणीच बोलत नाही. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारा स्नायूंचा एक थर असतो. नॉर्मल बाळंतपणात तो ताणला जातो, कधी फाटतोही. सिझेरियन झालं म्हणून तो पूर्ण वाचतो असं नाही, कारण नऊ महिन्यांचं ओझं त्यानेच पेललेलं असतं. शिंकताना किंवा उडी मारताना पोटातला दाब एकदम खाली जातो, आणि हा थर वेळेवर आवळला गेला नाही की थेंब जातात.

तेव्हा सासूबाईंची भीती उगाच नाही. बाळंतपणानंतर महिन्याभरात खुरपणीला गेलेल्या, डोक्यावर घागरी वाहिलेल्या बायकांची अंगं बाहेर आलेली त्यांच्या पिढीने पाहिली आहेत. अंग भरून यायच्या आत, दम कोंडून, रोज उचललेल्या ओझ्याचा त्यात मोठा हात होता. तुमच्या बाळंतपणाला चौदा महिने झालेत, आणि वजन किती घ्यायचं हे तुमच्या हातात आहे. सासूबाईंना हेच सांगा की उड्या मारणार नाही, आणि खरंच मारू नका. थेंब जाताहेत तोवर दोरीवरच्या, पेटीवरच्या, बर्पीतल्या (हात टेकून पाय मागे टाकायचे, मग उठून उडी मारायची) कुठल्याच उड्या नकोत.

त्या थराचा व्यायाम आजपासून घरी सुरू करा. गुडघे वाकवून पाठीवर झोपा. गॅस रोखताना मागून आवळतो तसं आवळा आणि तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. आतून वर ओढलं गेल्याचं जाणवलं पाहिजे. मांड्या किंवा कुल्ले घट्ट झाले, श्वास थांबला, तर चुकतंय. पाच सेकंद धरायचं, पाच सेकंद पूर्ण सोडायचं, असं दहा वेळा. मग दहा वेळा झटपट आवळायचं आणि सोडायचं. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सुरुवातीला तीनच सेकंद धरता आलं तरी चालेल. पूर्ण सोडण्याकडेही लक्ष द्या, सतत आवळलेला स्नायू लवकर थकतो आणि ऐनवेळी कामाला येत नाही. लघवी करताना मध्येच रोखून हा सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. एकदा पकड समजली की शिंक येतेय असं वाटताच आधी आवळा, मग शिंका. वजन उचलतानाही हाच क्रम: आवळा, उचला, उचलताना श्वास सोडा. कुंथायचं अजिबात नाही. बद्धकोष्ठ असेल तर तेही मिटवा, कारण रोज कुंथण्याने हाच थर सैल पडतो.

क्लासला जाण्याआधी लघवीला जाऊन या, पहिले काही दिवस पॅड लावा, गडद रंगाची पँट घाला. पाणी कमी पिऊन थेंब थांबवायला मात्र जाऊ नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला जास्त चुरचुर होते आणि घाई वाढते, वर आपल्याकडच्या उन्हात चक्कर येते ती वेगळीच. खाली ओढल्यासारखं जड वाटत असेल, ते संध्याकाळी वाढत असेल, किंवा बसताना गोळा लागल्यासारखं होत असेल, तर क्लासच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या टप्प्यातला त्रास व्यायामाने पुष्कळ कमी होतो, पण तपासल्याशिवाय टप्पा कळत नाही.

निघण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, म्हणजे तुमच्या चौघींत दोघींना तो असण्याची शक्यता बरीच आहे. १२ च्या खाली म्हणजे कमी. ११ च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या आणि हलका क्लास दोन्ही एकदम सुरू करता येतील. १० च्या खाली असेल तर आमचं स्पष्ट मत, आधी रक्त वाढवा आणि तोवर फक्त चाला. रक्त कमी असताना जोर लावला की हृदयाला जास्त धावावं लागतं, आणि 'मलाच दम नाही' असं वाटून बाई महिन्याभरात क्लास सोडून देते. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तिच्या आगेमागे तासभर नको. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असेल, दमा, थायरॉइड किंवा साखरेची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना क्लासचं स्वरूप सांगून मगच जा. पाळी चुकली असेल तर आधी तपासणी.

पोटाची मधली रेघ घरीच बघता येते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला. दोन बोटांहून जास्त रुंद फट लागली, बोटं आत खोल गेली किंवा मधोमध उंचवटा उठला, तर पोटाचे दोन पट्टे अजून जवळ आलेले नाहीत. अशा पोटावर सिट-अप म्हणजे फट आणखी ताणणं. टाक्याच्या रेषेभोवती बधिरपणा बऱ्याच जणींना राहतो, त्याची काळजी नको. पण तिथे खोकताना फुगवटा येत असेल तर सर्जनना दाखवा, तो हर्निया असू शकतो.

आता कोच. क्रॉसफिटचं पहिल्या पातळीचं प्रशिक्षण दोन दिवसांचं असतं. त्यात बाळंतपणानंतरच्या शरीराबद्दल फारसं शिकवून होत नाही, तेव्हा भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. थेट विचारा: "बाळंतीण झालेल्या बायकांना शिकवलंय का? उडीच्या जागी काय देता?" ज्याला काम येतं तो लगेच दोन-तीन पर्याय सांगेल. "काही होत नाही, सवय होईल" असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघा, इथे भीड धरू नका. पुरुष कोचला थेंबांचं सांगायची लाज वाटते हे आम्हाला कळतं, आणि सांगायची गरजही नाही. "बाळंतपणामुळे मला सध्या उड्या आणि सिट-अप चालत नाहीत, पर्याय द्या," एवढं वाक्य पुरतं. ते सगळ्यांसमोर नको, वॉर्म-अपच्या आधी बाजूला बोलावून सांगा. त्याच वेळी हेही सांगा की आमचे व्हिडिओ काढू नका. बऱ्याच जिममध्ये रील न विचारता टाकल्या जातात. एका कोचमागे दहा-बाराहून जास्त माणसं असतील तर नवशिकीकडे त्याचं लक्ष राहत नाही. आणि वर्षाची फी एकदम भरू नका, सवलत कितीही दाखवली तरी महिन्याचीच भरा.

कपड्यांपेक्षा दागिन्यांचा त्रास जास्त होतो. काचेच्या बांगड्या घरी काढून जा. केटलबेल, म्हणजे मूठ असलेला लोखंडी गोळा, मनगटावर आपटली की काच फुटून थेट शिरेजवळ लागते. धातूच्या पाटल्यांमुळे मनगट मागे वाकत नाही आणि पुश-अपमध्ये कातडी चिमटली जाते. जोडवी बुटात बोटांमध्ये रुततात. लांब मंगळसूत्र केटलबेलच्या मुठीत अडकतं. काढायचं नसेल तर आखूड करून स्पोर्ट्स ब्राच्या आत घ्या. ओढणी नको, सलवारीचे पायचे लोंबते नकोत. बूट सपाट, टणक तळव्याचे घ्या. जाड, मऊ तळव्याच्या धावण्याच्या बुटांत वजन उचलताना टाच डगमगते. अंगावर पाजता आहात, तर निघण्याआधी पाजून घ्या, छाती हलकी राहते. स्पोर्ट्स ब्रा आधार देणारी हवी, पण दूध दाबलं जाईल इतकी घट्ट नको. व्यायामाने दूध आटतं किंवा नासतं हे खरं नाही. घाम पुसून आल्या आल्या पाजलं तरी चालतं.

तासाची विभागणी बहुतेक ठिकाणी अशी असते: दहा-बारा मिनिटं वॉर्म-अप, पंधरा-वीस मिनिटं एखादी उचल किंवा कौशल्य शिकणं, मग घड्याळ लावून आठ ते वीस मिनिटांचा मुख्य भाग, ज्याला 'वॉड' म्हणतात, आणि शेवटी ताण देणं. पहिले दोन भाग पूर्ण करा, तेच खरं शिकणं. वॉड अर्धा करा. फळ्यावर 'ॲमरॅप २०' लिहिलं असेल तर वीस मिनिटांत जमतील तितक्या फेऱ्या मारायच्या असतात. 'इमॉम' म्हणजे दर मिनिटाला ठरलेला आकडा करून उरलेले सेकंद विश्रांती. नव्या बाईला इमॉम बरा, कारण विश्रांती त्यातच बांधलेली असते. 'टबाटा' म्हणजे वीस सेकंद पूर्ण जोर, दहा सेकंद थांबणं, असं आठ वेळा. चार मिनिटंच दिसतात, पण तो पहिल्या महिन्यात नको, कारण त्यात मापात राहायची सोयच नाही.

उदाहरणादाखल 'सिंडी' नावाचा प्रसिद्ध वॉड घ्या, नवीन लोकांना हमखास दिला जातो. वीस मिनिटं, आणि प्रत्येक फेरीत पाच पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढणं), दहा पुश-अप, पंधरा स्क्वॉट (बैठका). तरबेज माणूस यात वीस फेऱ्या मारतो, म्हणजे तीनशे स्क्वॉट. तुम्ही हा असा करा: टांगलेल्या रिंगा धरून तिरकं उभं राहून छाती रिंगांकडे ओढणं पाच वेळा, पेटीवर हात ठेवून पुश-अप पाच, पेटीवर टेकून उठणं दहा. प्रत्येक फेरीनंतर अर्धा मिनिट थांबा. दहा मिनिटं झाली की संपलं, बाकीच्यांची चालू असली तरी. जोर दहापैकी सहा. "आज भाजी कुठली करायची" एवढं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. दोनच शब्दांवर धाप लागली तर वेग कमी करा.

सगळ्यात आधी नीट शिकून घ्यायची उचल म्हणजे डेडलिफ्ट, जमिनीवरून वजन उचलणं. तुमची धाकटी नऊ-दहा किलोची असेल, पाण्याचा २० लिटरचा जार २० किलोचा असतो, आणि दोन्ही तुम्ही रोज उचलता. तेव्हा ८ ते १२ किलोच्या केटलबेलला घाबरू नका. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा, गुडघे किंचित सैल, आणि पाठ सरळ ठेवून कुल्ले मागे नेत भिंतीला टेकवा. हीच वाकण्याची रीत. आता केटलबेल दोन्ही घोट्यांच्या मधे ठेवा, तसंच वाकून मूठ धरा, श्वास घ्या, खालून आवळा, श्वास सोडत उभ्या राहा. आठ-आठच्या तीन फेऱ्या. कंबर दुखली तर दोनपैकी एक झालेलं असतं: केटलबेल पायांच्या पुढे होती, किंवा पाठ गोल झाली. हे महिनाभर पक्कं झाल्याशिवाय केटलबेल स्विंग, म्हणजे ती पायांमधून पुढे झुलवणं, करू नका. स्विंगमध्ये हेच वाकणं वेगाने होतं, आणि चूकही वेगाने होते.

स्क्वॉटसाठी मागे ४५ सेंटिमीटरची पेटी किंवा खुर्ची ठेवा. टाचा जमिनीवर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. टेकल्यासारखं करा, बसू नका, आणि श्वास सोडत उठा. थकवा आला की पहिल्यांदा गुडघे आत झुकायला लागतात. पंधरापैकी बाराव्याला झुकले तर बारावरच थांबा, उरलेले तीन गुडघ्याच्या खर्चाने होतात.

पेटीवरच्या उडीऐवजी पायरी चढणं. इथे एक अडचण येते. जिमच्या लाकडी पेटीच्या तीन बाजू साधारण ५०, ६० आणि ७५ सेंटिमीटरच्या असतात, म्हणजे सगळ्यात बुटकी बाजूसुद्धा नवशिकीला उंच. रबरी प्लेटा एकावर एक रचून २० ते ३० सेंटिमीटरची पायरी मागा. पूर्ण पाऊल वर ठेवा, टाच बाहेर लोंबती नको, आणि उतरताना धपकन पाय टाकू नका. बर्पीऐवजी पेटीवर हात ठेवा, एकेक पाय मागे न्या, एकेक पाय पुढे आणा, उभ्या राहा, उडी गाळा. दोरीच्या जागी रोइंग मशीन असेल तर २०० मीटर वल्हवा. आधी पाय ढकलायचे, मग पाठ, शेवटी हात, आणि परतीला उलट क्रम. हातांनीच ओढत राहिलात तर मान आखडते. सिट-अपच्या जागी पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वर, एकेक टाच खाली नेऊन जमिनीला टेकवून परत आणणं. पोटाच्या मधोमध उंचवटा उठला तर तेही जास्त होतंय, टाच अर्ध्यावरूनच परत आणा. झोके घेत मारायचे पुल-अप तर पहिले कित्येक महिने नकोच.

मनगटाचं म्हणाल तर, अंगठ्याच्या बाजूने दुखतं का आणि लेकराला काखेत धरून उचलताना कळ येते का, ते बघा. लहान मूल असलेल्या बायकांत अंगठ्याच्या शिरांना येणारी ही सूज फार आढळते. लेकराला अंगठे ताणून धरून न उचलता, तळवे वर करून दोन्ही हात खालून घालून उचला. क्लासमध्ये हात सपाट टेकण्याऐवजी जमिनीवर षटकोनी डंबेल ठेवून त्यांच्या मुठी धरून पुश-अप करा, मनगट सरळ राहतं. केटलबेल खांद्यावर घ्यायची 'क्लीन' सध्या टाळा. महिन्याभरात उतार नसेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा, पट्टा बांधूनही बहुतेकदा भागतं.

दुसऱ्या दिवशी दुखेल. २४ ते ७२ तासांत दुखणं सगळ्यात जास्त असतं. जिना उतरताना, भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना मांड्या आखडतात, तेव्हा दोन दिवस भिंतीचा आधार घ्या. चालत राहा, पडून राहू नका. दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणून उपाशीपोटी, कमी पाणी प्यायलेलं असताना घेऊ नका, मूत्रपिंडावर येतं. आणि हे मात्र लक्षात ठेवा: लघवी कोऱ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, हात किंवा मांड्या सुजून टणक झाल्या, कोपर सरळच होईना, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि काल काय व्यायाम केला ते सांगा. सवय नसताना एकदम शेकड्याने स्क्वॉट किंवा पुल-अप मारले, त्यात उकाडा आणि पाणी कमी, की स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. हे क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक अशा पहिल्या-दुसऱ्या क्लासलाच. पहिला क्लास अर्धा करा, असं आम्ही अडून सांगतो त्यामागे हेच आहे.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच दिवस जा, मधे किमान ४८ तास. मग तीन दिवस. चौघींनी दिवस ठरवून एकत्र जा, पण एकमेकींची वजनं आणि फेऱ्या मोजू नका.

लातूरला मार्चपासून पत्र्याखालचा हॉल दहा वाजताच तापतो. मुलांना शाळेत सोडून साडेनऊची बॅच सोयीची वाटते, तरी मार्च ते जून सकाळी सहाची घ्या, घरच्यांना मुलांचं आवरायला सांगा. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर जोर आणखी कमी. क्लासच्या तासभर आधी दीड ग्लास पाणी, मधे दर पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट. घाम खूप गेला तर नंतर मीठ घातलेलं ताक, किंवा एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घाम येत असताना अंगावर शहारा आला, मळमळलं, डोकं गरगरलं तर फेरी सोडा, सावलीत बसा, मानेवर आणि काखेत ओलं फडकं ठेवा.

पोटभर जेवण आणि क्लास यांत अडीच-तीन तास हवेत. सकाळी लवकर जाणार असाल तर अर्धा-पाऊण तास आधी एक केळं पुरे. ठेचा-भाकरी किंवा शेंगदाण्याची चटणी आधी नको, बर्पीत वाकलं की आंबट वर येतं. तीच भाकरी नंतर खा. क्लास चालू केल्यावर भात कमी करून उपाशी राहणाऱ्या बायका पुष्कळ असतात. पाजणाऱ्या आईने ते करूच नये. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, आणि ती डब्यातल्या पावडरीशिवाय जमतात: ज्वारीच्या तीन भाकऱ्यांत अठरा-एक ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मटकीच्या उसळीत तेवढीच, मूठभर शेंगदाण्यात सात, वाटीभर दह्यात पाच, दोन अंड्यांत बारा. अंडी खात नसाल तर उसळ आणि दही दुप्पट करा.

तुमच्या पिशवी काढलेल्या मैत्रिणीचं वेगळं बघायला हवं. आपल्या भागात कमी वयात पिशवी काढलेल्या बायका फार आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत तर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तुमच्या मैत्रिणीने डिस्चार्ज कार्ड काढून एक गोष्ट बघावी, पिशवीबरोबर अंडाशयही काढली आहेत का. काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि वजन उचलण्याचा व्यायाम तिला तुमच्यापेक्षाही जास्त गरजेचा आहे. पण सुरुवात ५-६ किलोपासून, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारून. ऑपरेशनला तीन महिने झाले नसतील तर सर्जननी हो म्हटल्याशिवाय नको. जुनं असेल आणि खाली जडपणा नसेल तर तुमचेच नियम तिलाही. उडीच्या बाबतीत तिने जास्त सावध राहावं, कारण पिशवी काढल्यावर वरचा आधार कमी झालेला असतो.

रोजे असणाऱ्या मैत्रिणीने तो महिना क्लास सोडू नये, वेळ बदलावी. इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी आठवड्यातून दोनदा, वजन नेहमीच्या दोन-तृतीयांश, घड्याळ न लावता. तशी बॅच नसेल तर इफ्तारच्या आधी वीस मिनिटं घरीच डेडलिफ्ट आणि पायरी, म्हणजे संपल्या संपल्या पाणी पिता येईल. पहाटेच्या सेहरीनंतर लगेच क्लास आणि मग दिवसभर पाण्याविना, हे नको. निर्जळी उपवासाच्या दिवशी तुम्हालाही हेच लागू. साबुदाण्यावरच्या उपवासाला क्लास चालेल, पण हलका.

उड्यांचं कधी? थेंब सलग महिनाभर बंद राहिले की घरी ही परीक्षा घ्या. अर्धा तास भरभर चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर थोडं वाकून उठणं दहा-दहा वेळा, जागच्या जागी एक मिनिट धावणं, एका पायावर लंगडी दहा-दहा वेळा. यांत थेंब गेला नाही, खाली जड वाटलं नाही, दुखलं नाही, तर क्लासमध्ये कोचला सांगून पाच उड्यांपासून सुरू करा, आठवड्याला पाच-पाच वाढवा. पेटीवर नंतर, आधी सपाट जमिनीवर. मधेच थेंब गेला तर दोन आठवडे पायरीवर परत या आणि पुन्हा परीक्षा घ्या. तीन महिने नियमाने आवळण्याचा व्यायाम करूनही थेंब जात राहिले, तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. लातूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यांत स्त्रीरोग विभागात विचारलं की नाव मिळतं. बऱ्याचदा आवळण्याची पद्धतच चुकलेली असते, आणि समोर बसून शिकवली की दुरुस्त होते.